खाच

एर्नेस्ट्स आला तेव्हा मी अंगठ्यावर होते.
अंगठा विणताना बोललं की टाके सुटतात,
म्हणून त्याला मानेनंच बस म्हटलं.
तो बसला नाही. टेबलाखाली वाकला,
माझ्या कॉम्प्युटरचं पत्र्याचं दार उघडलं
आणि म्हणाला, स्काइद्रीते, इथे मेंढी पाळली आहे का तुम्ही?

पंधरा वर्षांची लोकर होती आत.
करडी, पांढरी, आणि मंजिष्ठाची ती तांबडी
जी कुल्दीगात आता कुणी रंगवत नाही.
हंसाच्या पंखानं मी सगळं झाडून घेतलं,
चुलीपुढची राख झाडते, त्याच.

त्याचं म्हणणं सरळ आहे.
ही सिस्टिम कंपनीनं वाऱ्यावर सोडली,
दाराला कडी नाही, बँकेचं काम इथून करू नका,
नवी घाला.
नवी घालायची तर दोन जीबीत तिचं पाऊलही मावायचं नाही,
तेव्हा मेमरी घाला.
मी म्हटलं, आणि नुसती मेमरीच वाढवली तर?
तर म्हणे जुनीला सव्वातीनच्या पुढे मोजता येत नाही,
आठ वाढा की सोळा, ती सव्वातीनच जेवणार.
आणि नवी घातली, तर माझा नक्षीचा प्रोग्रॅम?
तो गप्प झाला.
पोरगं प्रामाणिक आहे.

प्रोग्रॅम फिनलंडच्या एका बाईकडून घेतलेला, सीडीवर,
सोबत तिच्या हातची चिठ्ठी.
तिचा नंबर आता एका दंतवैद्याकडे लागतो.
त्यात पहाटताऱ्याचं एक टोक भरलं
की उरलेली सात आपोआप उमटतात,
डाव्या हातावरून उजवा हात होतो.
चारशे सहा नक्ष्या आहेत आत. कागदावर एकही नाही.

वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही
आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.
लग्न तर खरोखरच आहे, जूनमध्ये, मदाराचं.
बावीस जोड हातमोजे, सासरच्या माणसागणिक एक.
एक चुलतसासऱ्याला, ज्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं.
त्याचाही इतरांसारखाच विणा, असं ती बजावून गेली.
अंगठा सोडला तर आमच्या हातमोज्यात
बोटं कोण मोजतं?

स्क्रीन रोज सकाळी विचारते,
आता, की नंतर आठवण करू?
दोन खिडक्या उघडल्या की तिसरी विसरणारं हे यंत्र
मला आठवण करून देणार.
मी नंतर दाबते. आधी चष्मा लावते, मग दाबते.

शनिवारी तो मेमरीची पट्टी घेऊन आला,
रीगाहून मागवलेली, अठ्ठावीस युरो.
ठरलं काहीच नव्हतं, पण आणून तर ठेवू, म्हणाला.
मी बॅटरी धरली.
एक जागा रिकामी होती, कारखान्यातून आली तेव्हापासून,
तिथे लोकरसुद्धा पोचली नव्हती.
त्यानं पट्टी टेकवली, दाबली, काढली,
उलटी करून पुन्हा दाबली.
खाच जुळेना. गव्हाच्या दाण्याएवढा फरक.
मी वाकून पाहिलं आणि मला हसू आवरेना.
अरे, उजव्या हातात डावा घालतो आहेस,
अंगठा कुठे आहे ते बघ आधी.
त्याचे कान मंजिष्ठासारखे झाले.

आता तो शाळेत विचारणार आहे.
तिथल्या अडगळीत याच वयाची यंत्रं पडली आहेत,
त्यातलं काही बसेल.
बसलं तर सव्वातीन. मला तेवढं रगड.
नेटची वायर मी काढून खुंटीला टांगली.
बँकेत चालत जाईन, पुलावरून,
वेंता नदीतला बर्फ फुटतो आहे, तोही दिसेल.
याला निर्णय म्हणायचं की टंगळमंगळ,
मला नाही सांगता येणार.

रात्री चौकटीचा कागद काढला.
स्क्रीनवर पहाटतारा उघडून
पेन्सिलीनं एकेक घर भरत गेले.
अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं,
स्क्रीन कधीच काळी झाली आहे
आणि मी भरतेच आहे.
आठव्या टोकाशी एक घर चुकलं.
खोडरबर सापडेना.